मुंगवड्यांचा झोला घेऊन रायपूरला

रायपूरला जायचं ठरलं ते माझ्या बायकोच्या, सुमनच्या मुंगवड्यांमुळे. आमचं गाव गोंदिया. मुगाची डाळ वाटून, लसूण घालून उन्हात वाळवलेल्या तिच्या हातच्या या वड्या मी आठवडी बाजारात विकतो. मागच्या वर्षी तिचा उजवा हात लुळा पडला होता. यंदा हात चालायला लागला आणि तिने पुन्हा वड्या घातल्या, जरा वाकड्यातिकड्या. गावात लोक ओळखीखातर घेतील म्हणून तिला परक्या गावाचा कौल हवा होता.

"वापस आल्या तर समजीन, हात गेला," ती म्हणाली. "मंग नाही घालत."

त्या रात्री मला झोप नाही. गाडी सकाळची, मी पहाटेच फलाटावर. जनरलचं तिकीट शंभराच्या आत पडतं. डोंगरगड मागे पडलं तरी वड्या चुरतील म्हणून झोला मांडीवरून खाली ठेवला नाही.

स्टेशनबाहेर पोहे-जिलेबी खाऊन नव्या रायपूरची बस धरली. तिथे बचत गटांचा मेळा होता. जाणार असाल तर बसची वेळ आधी विचारून घ्या, बस कमी आहेत. रस्ते एवढे रुंद की ओलांडताना मी दोनदा मागे फिरलो. आणि माणूस कुठे दिसेना! मेळ्यात मोटारीतून उतरलेली बाई वडी हातात घेऊन हसली. "बाबा, बड़ी तो हमारे घर-घर में बनती है." सगळे तेच म्हणाले. मी वड्या घेऊन वड्यांच्याच मुलखात आलो होतो! एवढं आधी कुणाला विचारायचं सुचलं नाही. धर्मशाळेत पडल्या पडल्या सुमनला काय सांगायचं, हेच जुळवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ब्राह्मणपाऱ्यात गेलो. तिथे जुनी मराठी घरं आहेत. गल्लीत शिरतो तर समोर खाटेवर, पातळ लुगड्याखाली, कोहळ्याच्या पांढऱ्याशुभ्र बड्या वाळत! राखणीला काठी घेऊन एक म्हातारी. मी परत फिरणार तोच आतून तिची सून आली.

"काय देखून राहिले काका? झोल्यात लसणाचा वास येते."

"मुंगवड्या हायेत."

"अगं माय! मी आर्वीची. आई गेल्यापासून लसणाची मुंगवडी पाह्यली नाही मी." तिने एक वडी फोडून तशीच तोंडात टाकली.

"बड़ी में लहसुन? राम राम!" म्हातारी म्हणाली. घराणं मराठी, पण बोली कधीच हिंदी झालेली.

"तुमची फिक्की बडी वीस वर्षं खाल्ली ना सासूबाई! आज माह्यी खा."

मी भीत भीत विचारलं, "वाकड्या नाही वाटत?"

"हातच्या वड्या वाकड्याच राह्यतेत काका. सरळ त मशीनच्या."

तिने चौबे कॉलनीतल्या जावेला फोन केला. ती स्कूटीवर दोन मैत्रिणींना घेऊन आली. सगळ्या विदर्भातून इकडे दिलेल्या. मला चिला आणि टमाटरची चटणी खाऊ घातली. (चिला म्हणजे तांदळाचं धिरडं. रायपूरला गेलात तर चुकवू नका.) चिला संपेपर्यंत झोलाही संपला.

मी निघालो तर म्हातारीने झोला ओढून घेतला. "खाली झोला ले जाओगे? समधिन क्या बोलेगी?" सुनेच्या माहेरची म्हणून सुमनला तिने विहीणच करून टाकलं! आणि तिने आपल्या बड्यांनी गच्च भरलेला पत्र्याचा डबा त्यात ठेवला. नाही म्हणायची सोय नव्हती. पण गाडीत जीव थाऱ्यावर नाही. मी फुगलेला झोला घेऊनच घरी चाललो होतो.

व्हायचं तेच झालं. सुमनने दारातूनच झोला पाहिला. "ठेवा तिकडं," म्हणाली आणि आत गेली. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरलो. डबा उघडून एक बडी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती उलटीपालटी केली.

"अवो, हे माह्या हातची नाही. कोनं देली?"

मग सगळं सांगितलं. आर्वीच्या पोरीने कच्चीच वडी खाल्ली, हे तिने मला तीनदा सांगायला लावलं. संध्याकाळी त्या बड्यांची भाजी केली. लसूण टाकूनच.

रायपूरहून मी माणसं जोडून आलो, एवढ्यावर सगळं संपलं असं मला वाटलं. पण सकाळी उठून पाहतो तर मोठ्या पातेल्यात मुगाची डाळ भिजलेली.

"एवढी काहून?"

"डबा त्याइचा हाय ना? रिकामा वापस करता का?"

तेव्हापासून मी गाडीच्या वेळा पाहून राहिलो आहे.