राजधानीतला आमचा ढोल

धानोऱ्याच्या पुढे असलेल्या आमच्या गावातून सकाळची बस निघाली, तेव्हा मोठे बाबा (माझ्या वडिलांचे थोरले भाऊ) खिडकीशी बसले होते. मांडीवर पळसाच्या पानांचा पुडा. त्यात यंदाच्या लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाचे नवे तांदूळ. आम्ही चंद्रपूरला निघालो होतो. मी गोंड राजांची राजधानी पाहायला, ते आपला ढोल पाहायला.

ढोलाचं आधी सांगतो. आमच्या घराण्याचा ढोल देवाच्या खोलीत खुंटीला टांगलेला असे. नव्या धानाचा पंडुम (सण) आला की पहिला घास त्याचा, मग माणसांचा. पण वाजवणारे हात घरात उरले नाहीत. चुलतभाऊ गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात गेला आणि मी इतिहास घेऊन बी.ए. झालो, घराण्यात पहिला. उन्हाळ्यात चंद्रपूरच्या एका संग्रहालयाची माणसं जुन्या वस्तू मागत आली, तेव्हा मोठ्या बाबांनी आपल्याच हातांनी ढोल उतरवून दिला. राजाच्या गावी चालला, तिथं त्याचा मान होईल, असं ते गावभर सांगत होते. त्यानंतरचा हा पहिला पंडुम. ढोलाला नवं मिळाल्याशिवाय ते स्वतः नवा दाणा तोंडात घालणार नव्हते.

वैनगंगा भरून वाहत होती. मूल गावाला उतरून तर्री पोहे मागवले, तर मोठ्या बाबांनी हॉटेलवाल्याला विचारलं, पोहे नव्या धानाचे की जुन्या?

"बाबाजी, पोह्याले वय विचारून राह्यले काय?" तो म्हणाला. जुनेच आहेत म्हटल्यावर त्यांनी खाल्ले.

मूल सोडलं की जंगल, आणि जंगल संपलं की चंद्रपूरची धूळ. जटपुरा वेशीत ट्रक, ऑटो, सगळे एकमेकांवर हॉर्न मारत अडकले होते. मी मोठ्या बाबांना दगडात कोरलेला हत्तीवरचा सिंह दाखवला. राणीनं राजासाठी बांधलेली समाधी दाखवली. इथून एके काळी सगळा मुलूख चालायचा. मग भोसले आले, इंग्रज आले, राजधानीची जिल्हा कचेरी झाली आणि पुढे आमचा गडचिरोली जिल्हाही वेगळा निघाला, हे सगळं सांगितलं. मला ते तोंडपाठ आहे.

"मंग आता राजाच्या जागी कोण बसते?"

कलेक्टर, मी म्हटलं.

"त्याले आपला ढोल ठाऊक असन ना?"

मी ऑटोला हात केला.

संग्रहालयाच्या पायरीवर त्यांनी चपला काढल्या. इथं चपला चालतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी माझ्याही काढल्या.

ढोल काचेच्या पेटीत, आडवा. खाली पाटी होती: ढोल. लाकूड, चामडे. गडचिरोली जिल्हा. मी दोनदा वाचली. पाटीत चूक काहीच नव्हती.

मोठ्या बाबांनी काचेवर बोटांनी हलकेच थाप दिली, कोण आलं ते कळावं म्हणून. आवाज काचेचा आला. पहारेकरी जवळ आला.

"भाऊ, येचं नवं कोण करते?" त्यांनी विचारलं.

त्याला कळेना. मी समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता; पुड्याकडे पाहून ओशाळला.

"इथी आमी काचा पुसतो, बाबा. दाणे ठेवले त मुंग्या लागते, मंग मले बोलणी बसते."

ढोल परत नेता येईल का, असं मी हळूच विचारलं. एकदा इथं जमा झालेली वस्तू सहसा परत जात नाही, अर्ज करून पाहा, तो म्हणाला.

"म्हणजे उपाशीच राहीन तो," मोठे बाबा म्हणाले. कोणाला उद्देशून नाही.

परतीच्या बसमध्ये पुडा पुन्हा मांडीवर होता. वैनगंगा कधी गेली, दोघांनाही कळलं नाही. गावात शेजाऱ्यांनी विचारलं, ढोल दिसला काय? दिसला, चांगला ठेवला आहे, मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

घरी मोठ्या आईनं (मोठ्या बाबांच्या बायकोनं) नव्या तांदळाचा भात रांधून ठेवला होता. मोठे बाबा आधी देवाच्या खोलीत गेले आणि पुडा ढोलाच्या रिकाम्या खुंटीला बांधून आले. पाटावर बसले, नव्या भाताचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि स्वतःसाठी रेशनच्या तांदळाचा भात मागितला.

"तू खाय बाबू," ते म्हणाले. "तुले चालते."