कव्हरवरचं घोडं

गुरुवारी साक्रीजवळच्या एका झेडपी शाळेत गेले होते... तेव्हापासून डोकं तापलंय ते अजून थंड झालेलं नाही. इथेच लिहून टाकते, नाहीतर सगळं घरातल्यांवर निघेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... मी जळगावला राहते आणि मुलांसाठी लिहिते. यंदा माझं एक छोटं पुस्तक आलं, दहा प्रकरणांचं. प्राण्यांवर जीव टाकणारी सोनी आणि वीटभट्टीवर विटा वाहणारी बुटकी नावाची गाढवीण, या दोघींची गोष्ट. सोनी बुटकीच्या पाठीवरची जखम बरी करते, तिच्यासाठी भट्टीवाल्याशी भांडते. म्हणजे गोष्ट गाढवाची आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

आणि कव्हरवर काय आलं? पांढराशुभ्र घोडा! उडणारी आयाळ, शेजारी गुलाबी फ्रॉकमधली मुलगी, मागे हिरवंगार कुरण... असलं कुरण आमच्या खानदेशात मे महिन्यात कोणी दाखवावं, मी स्वतः जाऊन चरेन.

मला ते कव्हर दिसलं पुस्तक छापून झाल्यावर. प्रकाशक म्हणाले, "ताई, गाढव कव्हरवर चालत नाही हो, पालक पुस्तक हातात घेत नाहीत." मी चिक्कार भांडले. पण गठ्ठे बांधून तयार होते, कोण ऐकतंय?

तर साक्री. तिथल्या गुरुजींनी चौथीच्या वर्गाला रोज एक प्रकरण वाचून दाखवलं आणि शेवटचं झाल्यावर मला बोलावलं. मुलं एकदम धीट. पुढच्या रांगेतल्या एकाने पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, हाई घोडं कोणता पाठमा येस?"

वर्गात कोणी हसलं नाही... सगळ्यांना तेच विचारायचं होतं. बिचारी शेवटच्या पानापर्यंत घोड्याची वाट बघत बसली होती. मी काय सांगणार? म्हटलं, गोष्टीत घोडा नाहीच, तो चुकून आलाय. चुकून! बोलताना माझी मलाच चीड आली.

मग गुरुजींनी मला बाजूला घेऊन पूनमबद्दल सांगितलं. ती खिडकीजवळ मान खाली घालून बसली होती. तिच्या आबांची दोन गाढवं आहेत, भट्टीवर विटा वाहतात, आणि त्यावरून पोरं तिला चिडवतात. बुटकीची गोष्ट सुरू झाली तशी ही पोरगी फुलली होती... 'हाई आमनीच गोष्ट शे' म्हणून शाळाभर सांगत सुटली होती.

तोवर पुस्तक गुरुजींच्याच हातात होतं. मग एक दिवस ते वर्गात फिरलं, पोरांनी कव्हर नीट पाहिलं, आणि कोणीतरी म्हणालं की बघ, पुस्तकवाल्यांनासुद्धा तुमच्या गाढवाची लाज वाटते. त्या दिवसापासून पूनमने पुस्तकाला हात लावलेला नाही.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती एवढंच म्हणाली, "त्यास्नी बुटकीले लपाडी दिधं."

लपवूनच टाकलं होतं, खोटं काय आहे त्यात? मी तडक व्हरांड्यात आले आणि प्रकाशकांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही फार भावनिक होता. लहान मुलांना कव्हरबिव्हरचं काय कळतं?" गाढवाला गुळाची चव काय, असं अगदी ओठांवर आलं होतं... पण म्हटलं, उगाच गाढवाचा अपमान नको.

आत आले तर पूनम जागेवर नव्हती. ती गुरुजींच्या कपाटापाशी खाली बसली होती. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांना कव्हरं घालतात ना, त्यातला उरलेला खाकी कागद तिने काढला होता... आणि माझ्या पुस्तकाला कव्हर घालत होती.

नखाने घड्या दाबत, कोपरे आत दुमडत... घोडा गेला आत! मग काळ्या स्केचपेनने तिने वर गाढवीण काढली. मोठं डोकं, गुबगुबीत पोट, पाठीवर जखमेच्या जागी गोधडीचा तुकडा. पोरं भोवती गोळा झाली, पण चिडवलं कोणीच नाही. घोड्याचं विचारणारा तो मुलगा तर वाकून म्हणाला, "कान आखो लांब कर!"

मला रडू आलं, खरं सांगते. पण राग काही उतरला नाही. फोटो काढून सगळ्या हकिकतीसकट प्रकाशकांना पाठवला. उत्तर काय यावं? "सो क्यूट! प्रमोशनसाठी मुलीचं रील करूया का?"

रील! ज्या पोरीला तुमच्या कव्हरने भर वर्गात मान खाली घालायला लावली, तिचंच रील! मी लिहून टाकलं... पुढच्या आवृत्तीच्या कव्हरवर बुटकी येत नाही तोवर माझ्या नव्या पुस्तकाचं एक पानही मिळणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिक्स आल्यात, उत्तर नाही.

आणि पालकांनो, तुमच्या नावावर हे सगळं खपवलं जातंय, म्हणून तुम्हालाच विचारते. गाढवाचं चित्र असलेलं पुस्तक तुम्ही खरंच खाली ठेवता का हो?

काल गुरुजींचा फोन आला. पूनमने त्या दिवशी पुस्तक घरी नेलं. आबांना वाचता येत नाही. त्यांनी धोतराला हात पुसले, पुस्तक घेतलं, कव्हरकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हाई ते आमनीच शे."

घोड्याबरोबर माझं नावही त्या खाकी कागदाखाली गेलंय... जाऊ दे. पूनम, बुटकीला बाहेर काढलंस, तुझे उपकार आहेत गं. राग मात्र मी अजून सोडलेला नाही.