भिंतीलगतची बारा हातांची पट्टी

थायलंडातल्या नोन्थबुरीत आमच्या कालव्याकाठी दुरियन फळांची शेवटची बाग उरली ती सायबुआची. मी तिचा शेजारी. माझी बाग मी विकली, हे आधीच कबूल करतो.

पूर्वी बागांमधल्या पाण्याच्या चरावर फळी टाकली की वाट व्हायची. या फळीवरून त्या फळीवर, बागांबागांतून, माणूस अनवाणी विहारात पोचायचा. मग एकेक बाग विकली गेली. जितक्या बागा तितक्या वसाहती, प्रत्येकीला उंच भिंत आणि एकच फाटक. रस्ते पुष्कळ झाले, पण एकाची दुसऱ्याशी गाठ पडेना.

सायबुआची आई वारली तेव्हा विहार माझ्या बागेवर उठलेल्या वसाहतीपलीकडे, हाकेच्या अंतरावर होता. मागच्या भिंतीवरून पलीकडे उतरवू म्हणून शवपेटी फाटकाशी नेली, तर व्यवस्थापक वीरयुत आडवा आला.

"मावशी, आत घरं विकायची आहेत. प्रेत बघून गिऱ्हाईक पळेल. बाहेरून न्या."

बाहेरून म्हणजे हमरस्त्याने, गाड्यांच्या रांगेत दोन तास. पेटीवरची फुलं वाटेतच काळी पडली. सायबुआ रडली नाही. तिने ते फाटक नीट बघून घेतलं.

पुढच्या महिन्यात तिने भिंतीलगतचा माझा उरलेला खोल, चिखलाचा चर विकत घेतला. कालव्यापासून थेट विहारापर्यंत, बारा हात रुंद. नऊ वर्षं ती त्यात टोपलीटोपलीने माती टाकत होती. कशाला, ते कुणालाच सांगितलं नाही.

मग विहारामागे मेट्रोचं स्टेशन झालं, आणि वीरयुत संत्र्यांची परडी घेऊन आला.

"बागवालीला फळं आणलीस? बाजारात उरली वाटतं?"

"मावशी, ती पट्टी द्या. स्टेशनला जायला आमच्या लोकांना वळसा घालून पाऊण तास लागतो. मधून रस्ता काढू, गाडीने दोन मिनिटं."

"माझ्या आईला दोन तास लागले होते."

"जुनं झालं हो ते."

"पौर्णिमेला विहारात ये. तिथे सांगते."

पौर्णिमेला सगळ्यांसमोर तिने पट्टी विहाराला दान केली, फक्त अंत्ययात्रेच्या पायवाटेसाठी. विहाराची जमीन भन्तेंनाही विकता येत नाही. वीरयुतचा चेहरा उतरला.

भन्तेंनी विचारलं, "सायबुआ, देताना मन निर्मळ आहे ना?"

"नाही, भन्ते."

भन्तेंनी पाण्याचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "खरं बोललीस. सोड पाणी."

तिने वाटीत दानाचं पाणी सोडलं.

वाटेच्या दोन्ही तोंडांना दगडी खांब बसले. गाडी शिरत नाही. शेवटी वसाहतीने भिंतीला एक दार पाडलं, निदान चालत जाता यावं म्हणून. भन्तेंनी परवानगी दिली, एका अटीवर: पेटी आली की बाजूला उभं राहायचं.

परवा सकाळी कालव्याकडून एक पेटी आली. कंपनीच्या मुख्य ऑफिसला निघालेला वीरयुत पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटून उभा होता. मेट्रोची वेळ झालेली. सायबुआ पेटीपुढे चालत होती. त्याच्यासमोर येऊन ती थांबली आणि खांदेकऱ्यांकडे वळली.

"सावकाश रे बाळांनो. घाई कुणाला आहे?"