अर्जदाराची सेटिंग

मला सेटिंग करत बसायची खोड आहे. कुणाला नखं खायची असते, मला ही आहे. मी घरी बसून एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते आणि ते ज्याच्यात लिहायचे त्याला एडिटर म्हणतात. म्हणजे कोरं पान, दुसरं काही नाही. पण हा एडिटर उघडताना सगळ्यात आधी एक छोटी फाइल वाचतो. तिच्यात आपण लिहून ठेवायचं असतं, की अक्षर एवढं मोठं ठेव, पाठीमागचा रंग असा ठेव, हे बटण दाबलं की असं कर, ते दाबलं की तसं. तुम्ही लिहाल ते तो निमूट ऐकतो. घरात माझं इतकं कुणीच ऐकत नाही, म्हणूनही असेल, त्या फाइलीत माझे तासन्‌तास जातात. एक बटण इकडचं तिकडे करायला बसावं आणि जेवायची वेळ व्हावी. आई म्हणायची, "कापूस वेचाले धाडलेली बाई दिवसभर कमरेले ओटीच बांधत बसली, तशातली गत हाय तुही."

बाबांना असल्या खोडी नव्हत्या. ते पांढरकवड्याला तहसील कचेरीबाहेर टिनाच्या शेडखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करत. समोरचा माणूस वऱ्हाडीत, गोंडीत, कोलामीत, जमेल तसं आपलं दुखणं सांगायचा आणि बाबांच्या बोटांतून ते 'अर्जदार विनंती करतो की' असं होऊन कागदावर उतरायचं. एवढी वर्षं त्यांनी हेच केलं. तोंड वऱ्हाडी आणि बोटं सरकारी. संध्याकाळी घरी आले की बोटांना सुट्टी आणि तोंड सुरू. मग आईशी भांडण. कशावरूनही. फोडणीत लसूण जास्त झाला, खिडकी उघडी राहिली, मागच्या वर्षीच्या लग्नात कोण कुठं बसलं होतं. आमच्या घरात भांडण ही करमणूक होती. "अवं, ऐकत नाही का वं?" असं बाबांनी म्हणावं आणि आईनं आतून, "ऐकून राह्यली जी, बहिरी नाही झाली अजून," असं ओरडावं, की मला कळायचं, घर ठीक आहे.

मग त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "शब्द डोक्यात सगळे शाबूत आहेत, जीभ तेवढी ऐकत नाही. वेळ लागेल." किती वेळ ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बाबा बोलायला जात तेव्हा घशातून एक लांबट आवाज येई. तो ऐकून ते स्वतःच इतके दचकत, की मग त्यांनी तोंड मिटूनच टाकलं.

आईनं पाटी आणली. डाव्या हातानं त्यांनी दोन अक्षरं काढली, ती त्यांनाच वाचता येईनात, आणि खडू भिंतीवर भिरकावला. ज्या माणसाच्या कागदावर कधी खाडाखोड दिसली नाही, त्याच्या हातात पाटी देणं चुकलंच होतं. मी मोबाइल दिला. त्यावरचं मराठी क ख ग घ अशा शहाण्या ओळीत बसलेलं. बाबांना अक्षरांची जागा बोटांनी माहीत, वर्णमालेनं नाही. त्यांनी मोबाइल उताणा ठेवून दिला. शेवटी जुना टाइपरायटर कपाटावरून काढला, पण एका हातानं कागद चढेना, आणि त्याची बटणं दाबायला जोर पुरेना. त्या दिवशी बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू इतकी बटनं फिरवत बसतेस दिवसभर. तुह्या बाबासाठी काही फिरवता येत नाही का?"

खरं सांगते, मला त्या क्षणी आईचे पाय धरावेसे वाटले. माझ्या खोडीला पहिल्यांदाच काम मिळालं होतं.

मी माझा जुना लॅपटॉप पुसून घेतला आणि बाबांसाठी नवी फाइल लिहायला बसले. एडिटर उघडला की फक्त पांढरं पान दिसेल, वर पट्टी नाही, खाली पट्टी नाही, कसली सूचना नाही. अक्षर चांगलं ठसठशीत, पलंगावरूनही वाचता येईल एवढं. शिफ्ट धरून ठेवायला दुसरा हात लागतो, म्हणून ते एकदा दाबून सोडलं तरी पुढच्या अक्षराला लागू होईल. बटणांवर अक्षरं तीच आणि तिथेच, जिथे बाबांच्या टाइपरायटरवर होती. त्यात वेलांटीनं मला चांगलंच रडवलं. जुन्या मशिनवर पहिली वेलांटी आधी उमटवायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती डावीकडे असते. कॉम्प्युटरला नेमकं उलट हवं असतं. बाबांची सवय बदलायची नाही हे मी ठरवलं होतं, म्हणून फाइलीत लिहिलं, की वेलांटी आधी आली तर धीर धर, अक्षर येऊ दे, मग तिला जागेवर बसव.

आणि उजवा हात. यावर मी बरीच डोकेफोड केली, एडिटरच्या बाहेरही थोडी खुडबुड करावी लागली. डाव्या अंगठ्यानं स्पेसचं लांब बटण दाबून धरलं, की कीबोर्डाची उजवी बाजू आरशात दिसते तशी उलटी होऊन डाव्या हाताखाली यायची. उजव्या करंगळीचं अक्षर डाव्या करंगळीला, उजव्या तर्जनीचं डाव्या तर्जनीला. गेलेल्या हाताचं काम राहिलेल्या हातानं करायचं, बोट मात्र तेच.

शेवटची सजावट म्हणून मी मराठी शब्दकोश जोडला. शब्द चुकला की त्याच्याखाली नागमोडी लाल रेघ येते. बाबांना मी मोठ्या ऐटीत समजावलं, "लाल रेघ दिसली की समजायचं, शब्द चुकला." त्यांनी मान हलवली. कचेरीत एक बाबू लाल पेन्सिल घेऊन अर्ज तपासायचा, आणि बाबांच्या अर्जावर त्याला ती टेकवता आली नाही ही आमच्या घरातली जुनी बढाई होती.

सकाळची वेळ होती. बाबांना उशीला टेकवून बसवलं, समोर पाट ठेवला, त्यावर लॅपटॉप. डावा हात बटणांवर गेला आणि क्षणभर तसाच थांबला. मग एक अक्षर. मग अंगठा स्पेसवर, आणि दुसरं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी. पानावर उमटलं:

'अर्जदारास चहा मिळावा, ही नम्र विनंती.'

आईला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती अशी हसली, की तिला खाली बसावं लागलं. बाबाही हसले, अर्ध्या तोंडानं. आई पदरानं डोळे पुसत उठली आणि म्हणाली, "अर्ज मंजूर हाय जी. साखर टाकू का नोको?" बाबांनी लिहिलं, 'साखर नियमानुसार.'

त्यानंतर घरात अर्जांचा पाऊस पडला. 'सदरहू भाजीत मीठ कमी आहे, सबब योग्य ती कार्यवाही व्हावी.' 'पंखा बंद करणेबाबत.' 'अर्जदाराचे पाठीस खाज सुटली असून तातडीने दखल घ्यावी.' आई उत्तरं द्यायची, "अर्ज दाखल करून घेतला, सुनावणी उद्या." मी हे माझ्या मैत्रिणींना सांगत सुटले. मला वाटलं, जिंकलो आपण.

पण हळूहळू आईचं हसणं कमी झालं. मग ती वाचायलाही येईनाशी झाली. बाबांनी काही लिहिलं की आतूनच विचारायची, "काय म्हनतेत? वाच वं तूच." एका दुपारी आम्ही दोघी मागच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो तेव्हा मी चिडून म्हणाले, "आई, ते एवढे मरमर करून लिहून राह्यले आन् तू पाहाले पन येत नाही."

आईनं शेंगा सोलणं थांबवलं नाही. "काय पाहू? मी काय तहसीलदार आहो का? रोज नम्र विनंती, नम्र विनंती. घरात आल्यापासून या मानसानं मले कधी विनंती नाही केली, आन् आता रोज करून राह्यले. असं वाटते, बाहेरच्या बाकड्यावर बसले हायेत आन् मी टेबलामागं." पुढची शेंग उचलून म्हणाली, "माही आई गेली, मोठ्या बहिनी गेल्या. मले 'वं' म्हननारं एकच मानूस राह्यलं होतं. तू त मले वं म्हनशील नाही."

वं म्हणायला मोठं नाहीतर बरोबरीचं माणूस लागतं. लेक आईला वं म्हणत नाही. मी शेंगा सोलत राहिले आणि मला रडू आलं, ते तिनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

त्याच संध्याकाळी मी फाइलीत एक ओळ वाढवली. कीबोर्डाच्या अगदी वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं, की एका झटक्यात 'अवं' उमटेल. बाबांना दाखवलं. "आईले हाक माराची असली का हे दाबा." त्यांचा चेहरा उजळला. बटण दाबलं, 'अवं' आलं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ती दोन्ही अक्षरं एकेक करून पुसली आणि लिहिलं, 'आवश्यकता नाही.'

मला रागच आला. तयार हाक चालत नसेल, म्हटलं, आपली आपण लिहा. बायकोला एक शब्द म्हणायला यांना कसला अडसर? मी लॅपटॉप मिटला आणि भांडी आदळली. त्या बाबतीत मी आईवर गेले आहे.

पुढचे काही दिवस असेच गेले. मग एकदा मी त्यांच्या पाठीमागे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते आणि मी आहे हे बहुतेक त्यांच्या लक्षात नव्हतं. आई स्वयंपाकघरात खोकत होती, दोन दिवसांपासून तिला सर्दी होती. बाबांचा हात बटणांवर गेला. अंगठा, अक्षर, अंगठा, अक्षर. पानावर आलं, 'तुले'. आणि शब्द पुरा होताच त्याच्याखाली लाल रेघ उमटली, नागमोडी. बाबांचा हात थबकला. त्यांनी शब्द पुसला. 'तुला' लिहिलं नाही. त्यांनी 'आपणास' लिहिलं. मग पुढे 'काहून' लिहिलं. लाल रेघ. पुसलं. 'कोणत्या कारणास्तव.'

घडी माझ्या हातात तशीच राहिली. 'अवं'च्या खालीही ती आली असणार. मी तेव्हा बाबांच्या तोंडाकडे बघत होते, पानाकडे नाही. मी स्वतःच त्यांना सांगितलं होतं, लाल रेघ म्हणजे चूक. आणि बाबांनी चुकीचा कागद कधी कुणाच्या हातात दिला नाही, मग बायकोच्या कसा देतील?

मी शब्दकोश बंद करणार होते, एका ओळीचं काम. पण ते मला पुरेसं वाटलं नाही. बाबांशेजारी बसले, फाइल उघडली आणि त्यांच्यासमोर शब्दकोशात शब्द घालायला लागले. मले. तुले. काहून. कायले. माह्या, तुह्या, माह्याशी. मंग. नोको. आन्. राह्यली. प्रत्येक शब्द घातला की मी तो पानावर टाइप करून दाखवायची, आणि खाली रेघ यायची नाही. बाबा आधी नुसते बघत होते. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि डाव्या हातानं एक शब्द लिहिला, 'वं'. खाली लाल रेघ आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तो शब्दकोशात घातला, सोबत 'अवं'ही. रेघ गेली.

"बरोबर हाय बाबा," मी म्हणाले. "हा शब्द बरोबर हाय."

त्यांनी मान हलवली आणि मला हातानं बाजूला सरकायची खूण केली. मी घड्या घालायला परत गेले, पण घड्या कसल्या जमतात. बाबा लिहीत होते. फार हळू. बराच वेळ गेला. मग त्यांनी पाटावर बोटांनी टकटक केलं. मी आईला हाक मारली.

"वाच तूच," आई आतून म्हणाली. "काय अर्ज हाय?"

"अर्ज नाही," मी म्हणाले. "मी नाही वाचनार. तू ये."

माझ्या आवाजात काहीतरी असावं, ती ओल्या हातानंच आली. वाकून वाचायला लागली, ओठ हलवत, तिच्या सवयीप्रमाणे. पानावर होतं:

'अवं किती खोकून राह्यली. काढा घे. आन् तू माह्याशी भांडत काहून नाही वं आता'

आईनं ते वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिचा चेहरा आधी विस्कटला, मग एकदम लाल झाला. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "भांडत काहून नाही? एकटीनं भांडता येते का जी? तुमी रोज मले अर्ज करता, तहसीलदारानं भांडावं का अर्जदाराशी? आन् काढा घे म्हनता, त्या दिवशी मी तुमाले काढा देल्ला त तोंड काहून वाकडं केलतं? सांगा आता, काहून केलतं?"

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अर्धं तोंड हसत होतं. त्यांचा हात बटणांवर गेला. अंगठा, अक्षर. अंगठा, अक्षर. उत्तर मोठं असावं, कारण हात थांबेना. आई पलंगाच्या काठावर बसली. भांडणात समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ न देणारी माझी आई ओले हात मांडीवर ठेवून, एक शब्दही न बोलता, त्यांचं उत्तर पुरं व्हायची वाट बघत बसली.