रशीदाचाचींचा कान

आमच्या कडा गावात कुणाच्या घरी बाळाचं उष्टावण असलं, पहिला घास भरवायचा असला, की रशीदाचाची न बोलावता यायच्या. बाळाकडे बघायच्यासुद्धा नाहीत. भिंतीकडे तोंड करून, बाळाला पाठ देऊन बसायच्या, डोळे मिटायच्या आणि खाणं संपेपर्यंत तशाच. बायका पदराआड कुजबुजायच्या. खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा यायचा.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फळांचा गाडा होता. तान्ह्या बाळाची आई दिसली की भावताव बाजूलाच. "एका टायमाला एकच नवी चीज दे. केळं दिलं तर दोन-चार रोज केळंच. समदं एकदम दिलंस अन् अंगावर पुरळ आलं, तर कशाला धरशील?" द्राक्षं घेतली की म्हणायच्या, "आख्खं देऊ नगं. उभं चिर, लई बारीक कर." बोलताना नजर मात्र माझ्या खांद्यावरून मागे, तिथे कुणी उभं असल्यासारखी. मी वळून बघितलंसुद्धा आहे.

एकदा दुपारी डबा परत द्यायला त्यांच्या घरी गेले. चाची भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, पाठीमागे ताटलीत चिरलेली द्राक्षं. घरात दुसरं कुणी नाही. "हळू खा राजा," त्या म्हणाल्या आणि कान देऊन थांबल्या. मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि जी निघाले ती घरी येऊनच श्वास घेतला. सासूबाई म्हणाल्या, "तिचा लहानगा सलीम घशात द्राक्ष अडकून गेला. ही गिऱ्हाईक करत होती, ते पाठीमागं द्राक्षं खात बसलं होतं. आवाजच आला न्हाई."

मग माझ्या परीचं उष्टावण आलं. त्या बाईला घरात घ्यायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं, पण चाची आल्याच. दाराजवळ भिंतीकडे तोंड करून बसल्या. माझा भाऊ धर्मापुरीहून आला होता; पहिला घास मामाचा. मामाचा मान म्हणून सासूबाईंनी खिरीवर अख्खे काजू लावलेले. भावाने खिरीबरोबर एक काजूही परीच्या तोंडात घातला. सगळे फोन काढून हसत होते.

"लेकरू गप कावून झालं?" चाचींनी विचारलं.

मला तर परी हसतेय असंच वाटत होतं. तोंड उघडं, डोळे मोठे, पण आवाज नाही. आणि ओठ निळे पडत चाललेले. सासूबाई तोंडात बोट घालायला धावल्या.

"बोट नगं, आत जाईल." चाचींनी परीला माझ्या मांडीवरून उचललं, डोकं खाली करून हातावर पालथी घेतली आणि खांद्यांच्या मधोमध तळहाताने जोरात थापा हाणल्या. काजू फरशीवर पडला आणि परीने टाहो फोडला.

मी तिला उगी करायला घेतलं, तर चाचींनी माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. "थांब. रडू दे जरा. आयकू दे मला."

त्याच वर्षी हिवाळ्यात चाची गेल्या. आदल्या दिवशी परीला घेऊन मी भेटायला गेले होते. त्या डोळे मिटून पडल्या होत्या, ओळखही देत नव्हत्या. परी कशाने तरी बिचकली आणि रडायला लागली. चाचींचा चेहरा सैल झाला.

"सलीम हाय का?" त्यांनी विचारलं.

परीचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं.

"हाय, चाची," मी म्हटलं, आणि परीला रडू दिलं.