पाच नंबरची पाकळी

माझे सासरे एकतीस वर्षं एकाच माणसाशी भांडतायत, आणि तेही पगारी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, या दोघांचं कुठल्या तरी जागेवरून फाटलं असणार. छे! भांडण जगावरून होतं. अख्खं जग टेबलावर दोघांच्या मध्ये असायचं, खळीनं ओलं झालेलं.

आमचा कारखाना पृथ्वीचे गोल बनवतो. शाळेत बाईंच्या टेबलावर असतो, फिरवला की करकरतो, तोच. पुठ्ठ्याचा चेंडू लोखंडी दांड्यावर उभा करायचा आणि त्यावर नकाशाच्या निमुळत्या कागदी पट्ट्या खळीनं चिकटवायच्या. आम्ही त्यांना पाकळ्या म्हणतो. बारा वर, बारा खाली. खळ लागली की कागद ताणला जातो, आणि तो किती ओढायचा हे हाताला कळावं लागतं, शिकवून येत नाही. जरा कमीजास्त झालं की मधोमध विषुववृत्तावर वरचं आणि खालचं जुळत नाही. नदी एकीकडून येते आणि भलतीकडेच पुढे जाते. म्हणून एका गोलाला दोन माणसं लागतात, आणि त्यांचे हात एका लयीत चालावे लागतात.

वरचा अर्धा महाराजांचा, खालचा आमच्या बाबांचा. महाराज म्हणजे कुणी बुवाबिवा नव्हेत, बाबांचे जोडीदार. कामाला हात लावण्याआधी दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहतात, कुणाला वाकडा शब्द बोलत नाहीत, म्हणून सगळे चेष्टेनं महाराज म्हणतात. ते चांगले उंच, उभ्यानं काम करतात. बाबा बुटके, स्टुलावर बसतात. बाबा मला म्हणायचे, "बघ गं सूनबाई, हा वर आहे तो पुण्यवान म्हणून नाही, ताडमाड आहे म्हणून. जगाचं राजकारणही एवढंच असतं."

मी तिथेच पलीकडे वार्निश लावते. त्यामुळे हे पुराण मला रोज सकाळी साडेआठपासून फुकट.

"अन्याय करणाऱ्याला एक दिवस उत्तर द्यावंच लागतं," महाराज म्हणायचे.

"कुणाला? कुठे? पत्ता सांग, मी पत्र टाकतो."

"अरे, धर्म नसता तर माणसं एकमेकांना खाऊन बसली असती."

"धर्म असूनही खातातच की! फक्त आधी प्रार्थना करतात."

"मग दोष धर्माचा की खाणाऱ्याचा?"

"दोष दातांचा, लेका. ज्याचे मोठे, तो खातो."

आणि हे बोलताना दोघांचे हात कसे चालायचे म्हणून सांगू! एक वाक्य, एक पाकळी. उत्तर आलं की दुसरी. रेष रेषेला बरोब्बर भिडायची.

बाबांना हा कडूपणा कुठून आला, ते मला सासूबाईंनी सांगितलं. बाबा दहा वर्षांचे होते तेव्हा रस्ता रुंद करायचा म्हणून त्यांच्या घरांची ओळच्या ओळ पाडली. त्याआधी मोठ्या साहेबानं सगळ्यांसमोर देवाची शपथ घेतली होती की एका विटेलाही हात लागणार नाही. लोकांनी विश्वास ठेवला. सोमवारी सकाळी मशीन आलं तेव्हा चुलीवर दूध होतं. तेव्हापासून शपथ, नीती, न्याय असलं काही कानावर पडलं की बाबा नाकातल्या नाकात हसतात. घरात तेवढं एक हसणं, बाकी तोंडाला कुलूप. सगळं बोलणं कारखान्यासाठी राखून ठेवलेलं.

आमच्यात देशांना नावानं कुणी हाक मारत नाही, रंगानं मारतात. "हिरव्याचा कोपरा उचललाय बघ," "गुलाबीवर फुगा आलाय." तर वरच्या अर्ध्यात, पाच नंबरच्या पाकळीवर, एका अगडबंब पिवळ्याला चिकटून नखाएवढा एक जांभळा देश आहे. आमच्या पॅकिंगच्या खोलीतल्या बाई त्या जांभळ्यातल्या. नऊ वर्षांपूर्वी कामासाठी इकडे आल्या, भाषा शिकल्या, आणि आता माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. आई मात्र तिकडेच, हट्टानं एकटी राहिलेली.

यंदा पिवळ्यानं जांभळ्यात सैन्य घुसवलं. एकोणीस दिवसांत सगळं आटोपलं. पिवळ्याचा पुढारी देवळातून बाहेर पडताना भाषण करत होता की हे आम्ही देवाच्या इच्छेनं केलं. जेवणाच्या सुट्टीत रेडिओवर ते ऐकलं आणि बाबांना जोरच चढला.

"ऐकलंस? तुझ्या देवाचं नाव घेतोय! आणि बाकीचे सगळे मोठे काय करतायत? निषेध! कागदावर! मी एकतीस वर्षं काय सांगतोय तुला? ताकद म्हणजे ताकद, बाकी सगळं वार्निश!"

महाराज काही बोलणार, एवढ्यात दारातून आवाज आला. बाई उभ्या होत्या, हातात सुतळीचं बंडल.

"तुमचं झालं की सांगा, काका. माझी आई आहे तिथे. अकरा दिवस फोन लागत नाहीये."

आवाज चढवला नाही हो त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. बाबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. घरी आल्यावर ताटावर बसले आणि तसेच उठले. मला खरंच भरून आलं. एरवी कारखान्यातल्या त्यांच्या बडबडीनं माझं डोकं उठतं, पण त्या दिवशी वाटलं, काहीतरी बोला हो, काहीही बोला.

मग तीन आठवड्यांनी नवे छापील कागद आले. मालकांनी स्वतः आणून टेबलावर ठेवले. शाळांना माल पुरवणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाईकाची सहा हजार गोलांची ऑर्डर होती. बाबांनी पाच नंबरची पाकळी उचलली, खिडकीशी नेली. जांभळा नव्हताच. पिवळा थेट समुद्रापर्यंत पसरला होता, नावसुद्धा नाही.

"गिऱ्हाईकाला असंच हवंय," मालक म्हणाले. "आपलं काम चिकटवायचं." आणि गेले.

बाबांनी त्याच दुपारी डोकं चालवलं. गोदामात जुने कागद पडून होते. नव्यातली पाच नंबरची काढायची, जुनी लावायची, की गोल बाहेर! शाळेत पोचेपर्यंत कुणाच्या बापाला कळणार नाही. फक्त अडचण एकच. पाच नंबर वरच्या अर्ध्यात. म्हणजे महाराजांच्या हातातली.

"मी नाही करणार," महाराज म्हणाले.

बाबांना आधी ऐकूच आलं नसावं. "काय?"

"चोरून नाही करणार. मालकांच्या पाठीमागे, गिऱ्हाईकाला फसवून? हे मला जमणार नाही."

"अरे, तिकडे आख्खा देश चोरला, आणि तुला एक कागद बदलताना पाप लागतं? तुझ्या नीतीचं लोणचं घाल!"

"घालतो. पण खोटं बोलून नाही."

"भित्रा आहेस तू. देवाच्या आड लपलेला भित्रा!"

झालं. महाराजांनी मान खाली घातली आणि दोघांचं बोलणं बंद. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. महाराजांनी पाच नंबरची पाकळी गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवली आणि सहा नंबरपासून कामाला सुरुवात केली. पाचची जागा तशीच उघडी. जुनीही नाही, नवीही नाही. काय चाललंय ते मला कळेना, आणि विचारायची सोय नव्हती. दोघंही फुगलेले. मी म्हटलं, मरा तिकडे, माझं वार्निश वाळतंय.

पण खरी गंमत पुढेच झाली. खोलीत चिडीचूप, आणि गोल बिघडायला लागले! मधली रेष काही केल्या जुळेना. नद्या तुटल्या, डोंगर सरकले, एक बेट तर दोनदा आलं. वाक्यंच नव्हती, तर पाकळीला ताल कुठून मिळणार? बाबा चरफडायचे, महाराज पुसायचे, आणि पुन्हा तेच. दोन दिवसांत चाळीस गोल बाद.

तिसऱ्या दिवशी मालक तणतणत आले. एक गोल उचलला, फिरवला, खाली ठेवला.

"काय चाललंय काय? आणि इतकं शांत का आहे इथे? तुम्ही दोघं भांडत का नाही?"

महाराजांनी हात फडक्याला पुसले.

"मालक, यानं मला जुनी पाकळी गुपचूप लावायला सांगितली होती. जांभळा ठेवायचा म्हणून."

बाबा स्टुलावरून अर्धे उठले. एकतीस वर्षांचा दोस्त आणि सरळ चुगली! मला इतका संताप आला की महाराजांच्या डोक्यावर वार्निशचा डबा ओतावा.

"मी नाही म्हटलं," महाराज पुढे म्हणाले. "लपवून करायचं ते मला पटत नाही. पण नवी पाकळीही मी लावणार नाही. ती माझ्या अर्ध्यातली आहे, म्हणून तुम्हाला तोंडावर सांगतोय. घर बळकावलं म्हणून पाटी बदलायची असेल तर ज्यानं बळकावलं त्यानं बदलावी. माझ्या हातानं नाही."

बाबा तसेच, ना बसलेले ना उभे. मग नीट उभे राहिले. महाराजांच्या खांद्यालाही लागत नव्हते, पण उभे राहिले.

"खालचा अर्धाही तसाच राहील मग," ते म्हणाले.

आणि माझी जीभ काय गप्प बसते होय? "वार्निशही नाही लागणार," मी म्हटलं.

मालक चिडले होते, यात शंका नाही. "तुम्हाला काढून दुसरे आणले तर?"

"आणा," बाबा म्हणाले. "हात बसायला त्यांना वर्ष लागेल. ऑर्डर कधीची आहे?"

त्यांनी हे बोलून टाकलं आणि स्वतःच चकित झाले. सगळी हयात ताकद ताकद करत गेली, पण ती आपल्याही टेबलावर असते हे त्यांना त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. आणि ती पाठीमागून नाही, समोरून वापरायची हे महाराजांमुळे कळलं. हे मी म्हणत नाही, त्यांनीच नंतर मला सांगितलं. वर बजावलं, "त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

मालक ऑफिसात जाऊन तासभर फोनवर होते. माणूस वाईट नाही. त्यांनाही कुणीतरी आधी नाही म्हणायला हवं होतं, असं माझं मत आहे. गिऱ्हाईकानं खूप आदळआपट केली. निम्मी ऑर्डर दुसरीकडे वळवली, तिकडे पिवळाच गेला असेल. उरलेल्या तीन हजारांसाठी मात्र ऐकलं. जांभळा जांभळाच राहील, नाव राहील, फक्त सीमेची रेष ठिपक्यांची. वादग्रस्त म्हणून.

नव्या पाकळ्या आल्या त्या सकाळी बाबांनी पहिला शब्द काढला.

"ठिपके! ही काय रेष झाली? अर्धी लाज राखली."

"अर्धी तरी राखली," महाराज म्हणाले.

"दुबळ्याचं समाधान!"

"मग तू पूर्ण रेष काढून दाखव, कोण नको म्हणतंय?"

मला इतकं हायसं वाटलं! हात चालू लागले. एक वाक्य, एक पाकळी. पाच नंबर महाराजांनी लावली, बोटानं हळूच दाबत वरून खाली आणली आणि विषुववृत्तावर ती बाबांच्या पाकळीला अशी भिडली की सांधा शोधून सापडू नये.

तेवढ्यात पॅकिंगच्या खोलीतून बाई धावत आल्या. कानाला फोन, डोळे वाहतायत, आणि आपल्या भाषेत भडाभडा बोलतायत. एक्केचाळीस दिवसांनी आईचा फोन लागला होता. म्हातारी धडधाकट होती. तिकडच्या शाळांतले जुने नकाशे उतरवले, नवे लावले, त्यात आपण कुठेच नाही, असं सांगत होती. बाईंनी तिला इथल्या गोलाबद्दल सांगितलं, तर तिचा विश्वास बसेना. मुलगी समजूत काढतेय असंच तिला वाटलं.

"काका, तुम्हीच सांगा तिला," बाईंनी फोन बाबांपुढे धरला. "मी भाषा बदलून सांगते."

जगातल्या प्रत्येक विषयावर मत असलेला हा माणूस! फोनकडे बघत राहिला नुसता. महाराजांनी दांड्यावरचा गोल अलगद काढला आणि त्यांच्या खळीनं बरबटलेल्या ओंजळीत ठेवला.

"आजी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "तुमचा देश आहे. इथे माझ्या हातात आहे. अजून ओला आहे, पण वाळेल."

बाईंनी ते तिच्या भाषेत सांगितलं. मग म्हातारी काहीतरी बोलली आणि बाई रडता रडता हसल्या.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"म्हणतेय, नीट धरा म्हणावं."