शीलाताईंचा शुक्रवार

शीलाताईंना कुणी विचारलं असतं, की बाई, तुमच्या संसारात सुख कशात आहे, तर त्यांनी आधी देवाचं नाव घेतलं असतं, मग मुलीचं, आणि मग जरा इकडंतिकडं बघून हळूच म्हटलं असतं, "शुक्रवारात."

बावीस वर्षं त्या अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका झाकणांच्या कंपनीत टाइम ऑफिसला होत्या. झाकणं म्हणजे बाटल्यांची: तेलाच्या, फिनेलच्या, खोकल्याच्या औषधाच्या. कोण किती वाजता आला, कुणाची कुठली पाळी, कुणाच्या सासूचं तेरावं खरं आणि कुणाचं रजेपुरतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. नवरा नरेंद्र मुंबईत विम्याच्या ऑफिसात, त्याची सुट्टी रविवारी. त्यामुळे सणवार सोडले तर बावीस वर्षांत दोघांची सुट्टी एका दिवशी आलीच नव्हती. शेजारणी हळहळायच्या. शीलाताईही तोंडदेखलं म्हणायच्या, "काय करणार, नोकरी आहे."

पण खरं सांगायचं तर शुक्रवारी सकाळी नरेंद्र डबा घेऊन बाहेर पडला, की खरवईच्या त्या दोन खोल्यांत शीलाताईंचं राज्य सुरू व्हायचं. मुलगी लग्न होऊन नाशिकला. शिकेकाईनं सावकाश न्हायचं. देवीला फुलं एकेक करून वाहायची. इतर दिवशी देवाशी बोलणंसुद्धा घाईत, चप्पल घालता घालता. शुक्रवारी मात्र पाटावर बसून, निवांत. मग गॅलरीत डोंगराकडं तोंड करून दहीभात खायचा आणि दुपारी दोनपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही.

दिवाळीनंतर कंपनी विकली गेली. घेणारे उल्हासनगरचे भूपेशशेठ, त्यांचा बाटल्यांचा कारखाना. मशीनवरचे जुने सुपरवायझर भगवंत म्हणाले, "बाटलीनं झाकण विकत घेतलं. आता घट्ट बसतंय का बघायचं."

ते घट्ट बसवायला शेठनी सुजित नावाचा तिशीतला माणूस आणला. दोन कंपन्यांची एक करून देणं, हाच त्याचा धंदा. पोरगा हुशार, बोलायला गोड. त्याच्या लॅपटॉपमध्ये एकशे चौदा ओळींचा तक्ता होता. पगाराची तारीख, गणवेश, पाळ्या, चहाची वेळ, क्रेटचे रंग. एकेक गोष्ट मिटली की ती ओळ हिरवी करायची. अंबरनाथच्या बाजूनं सांगायला शीलाताई, उल्हासनगरच्या बाजूनं तिथल्या टाइम ऑफिसची करिष्मा. करिष्मा सिंधी, अठ्ठावीस वर्षांची, अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारी.

सत्तेचाळिसावी ओळ आली. साप्ताहिक सुट्टी.

"ही सोपी आहे," सुजित म्हणाला. "हेड ऑफिसला रविवार, बँकांना रविवार. एक तारखेपासून सगळ्यांना रविवार. शीलाताई, तुमच्याकडून काही अडचण?"

अडचण होती. शुक्रवारी सगळी एमआयडीसी बंद म्हणून विजेच्या दुरुस्तीची कामं शुक्रवारीच निघतात. महिन्यातून एखाददोनदा दहा ते चार लाइट नसते. गेटवरचा चहावाला येत नाही, स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळत नाही. हे शीलाताईंना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

पण तोंड उघडायच्या आधी त्यांच्या डोळ्यांसमोर आलं ते विजेचं नाही, गॅलरीतलं दहीभाताचं ताट. आणि त्या ओशाळल्या. लहानपणी देवळात वडील प्रसाद वाटायला बसवायचे आणि बजावायचे, "आपला हात सगळ्यात शेवटी." आता आपल्याला शुक्रवार हवा म्हणून आपण कंपनीची कारणं पुढं करतोय, असंच त्यांना वाटलं.

"नाही सर. काही अडचण नाही."

ओळ हिरवी झाली.

घरी सांगितल्यावर नरेंद्र पाणी पिता पिता थांबला. "म्हणजे... रविवारी तू घरी?"

"हो."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"बरं झालं की," तो म्हणाला. पण चेहरा असा, जणू कुणी महिन्यासाठी पाहुणे येणार म्हणून सांगितलंय.

पहिला रविवार उजाडला आणि शीलाताईंना कळलं, की शुक्रवार जसा त्यांचा होता, तसा रविवार नरेंद्रचा होता. तो नऊला उठला. रेडिओ मोठ्यानं लावला. पेपराची पानं सगळ्या घरभर अंथरली. स्वतः कांदेपोहे केले आणि ओट्यावर हळदीचा सडा घातला. शीलाताईंना तेव्हाच फरशी पुसायची होती.

"पाय उचला."

"शीला, मी इथं बसतो गं. कायम."

"आणि हा चहाचा डबा कुठला?"

"माझा आहे. तुझी पावडर पाणचट लागते. फ्रिजच्या मागं ठेवलेला असतो."

"किती वर्षं?"

नरेंद्रनं पेपर तोंडापुढं धरला.

अकरा वाजता छोटंसं भांडण झालं, साडेअकराला तह. गॅलरी बारापर्यंत शीलाताईंची, नंतर नरेंद्रची. रेडिओ चालेल, पण पूजा झाल्यावर. चहाचे डबे दोन, फ्रिजच्या मागं लपवायचं कारण नाही, गॅस मात्र एकच. त्याच्यावर कुणी आधी कढई चढवायची ते विचारून चढवायची. संध्याकाळी दोघं अंबरनाथला शिवमंदिरात गेले. नरेंद्र काळ्या दगडातलं कोरीवकाम बघत रेंगाळला. शीलाताई पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेल्या, हात जोडले, आणि मागणं वगैरे राहिलं बाजूला, तोंडातून निघालं, "देवा, मी खोटं बोलले नाही. पण खरं सांगितलंही नाही."

सांगून टाकायचं ठरवलं त्यांनी. पण सोमवारी सुजित उल्हासनगरला, मंगळवारी मीटिंग, बुधवारी त्यांचाच धीर झाला नाही. गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला: उद्या दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते चार वीजपुरवठा बंद. शीलाताईंनी सुजितला पाच वेळा फोन लावला. बंद. तो विमानात होता.

शुक्रवारी त्या सातलाच पोचल्या, शेवटचा मैलभर चालत. रिक्षा नव्हतीच. भगवंत गेटवर भेटले.

"भगवंतमामा, दहाला लाइट जाणार. मशीन चालू असताना गेली तर?"

"तर प्लॅस्टिक मशीनच्या पोटातच गोठणार. साफ करायला दोन दिवस. पण ऑफिसला माहीत असेल ना? तुम्ही होता की मीटिंगला."

अख्खं अंबरनाथ गप्प बसलं होतं ते त्यांच्या भरवशावर. "मशीन रिकामी करून घ्या," त्या म्हणाल्या. "साहेबांना काय सांगायचं ते मी सांगते."

पावणेदहाला शेवटचं मशीन रिकामं झालं. दहाला पंखे थांबले. तोवर उल्हासनगरहून कामाला बसनं आलेली तीस माणसं हात बांधून उभी होती, करिष्माही त्यांच्यातच. साडेदहाला सुजित आला, चालत, घामानं निथळत, लॅपटॉपची बॅग डोक्यावर धरून.

"लाइट का नाही?"

"शुक्रवार आहे," भगवंत म्हणाले. जणू एवढ्यानं सगळं कळायला हवं.

शीलाताई पुढं झाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला शुक्रवार हवा होता."

सुजित गोंधळला. "मग तर आधी बोलायला हवं होतं!"

"हवा होता म्हणूनच बोलले नाही."

करिष्मा खो खो हसत सुटली. "अरे ताई! आमच्याकडे तर ज्याला पाहिजे ना, वही सबसे पहले चिल्लाता है!" आणि हसता हसता तिनं तिथल्या क्रेटच्या थप्पीला टेका दिला. मग वर बघितलं. क्रेट छतापर्यंत रचलेले, सगळे लाल.

"पण ताई, बुरा मत मानना. तुमच्याकडे एवढा रिजेक्ट माल निघतो?"

"कुठला रिजेक्ट?" भगवंत ताडकन म्हणाले. "हा तयार माल आहे. उद्या गिऱ्हाइकाकडं जायचाय."

"लाल क्रेट म्हणजे रिजेक्ट ना?"

"लाल म्हणजे पास! रिजेक्ट पिवळ्यात."

करिष्माचं हसू मावळलं. तिनं खिशातून कागद काढला. अकरा वाजता टेम्पो येणार होता. अंबरनाथचे सगळे लाल क्रेट उचलून उल्हासनगरला ग्राइंडरमध्ये, दळायला.

सुजितनं लॅपटॉप उघडला. ब्याऐंशीवी ओळ: क्रेटचे रंग. लाल, निळा, पिवळा, दोन्हीकडे सारखेच. हिरवी. तेवढ्यात लॅपटॉपची बॅटरी संपली.

"आज लाइट असती तर?" त्यानं विचारलं.

"तर आम्ही आत मशीनवर," भगवंत म्हणाले, "आणि बाहेर टेम्पो भरून गेला असता. दोन लाख झाकणांचा भुगा."

करिष्मानं टेम्पोवाल्याला फोन करून परत पाठवलं. सुजित एक रिकामा क्रेट उलटा करून त्यावर बसला. मग म्हणाला, "अजून काय काय आहे, जे मला कुणी सांगितलं नाही?"

मग एकानं सांगितलं, अंबरनाथचं गेटवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे, मुद्दाम. उल्हासनगरच्या एका बाईनं सांगितलं, तिकडं एका क्रेटमध्ये पाचशे नग भरतात, इकडं सहाशे. बोलता बोलता दुपार झाली. सुजित पुठ्ठ्यावर पेनानं लिहीत होता; पाठपोट तीन पुठ्ठे भरले.

"आणि सुट्टी?" शेवटी त्यानं विचारलं. "तिचं काय करू?"

शीलाताईंनी पदर सारखा केला. "सर, क्रेटचा रंग एकच हवा, त्यात दोन मतं चालायची नाहीत. नग मोजायची रीत एक हवी. पण गॅस एक झाला म्हणून चहाचे डबेही एक करायला हवेत असं नाही. इथली मशीन शुक्रवारी बंद राहू द्या. ज्यांना रविवार हवाय त्यांनी शुक्रवारी उल्हासनगरला पॅकिंगला बसावं."

"आणि टाइम ऑफिस? तिथं तर रोज कुणीतरी हवं."

सगळे त्यांच्याकडं बघत होते. कानाच्या पाळ्या तापल्या, तरी शीलाताईंनी या वेळी हात पुढं केला.

"मला शुक्रवार हवा," त्या म्हणाल्या. "आणि महिन्यातला एक रविवारही हवा. त्या आठवड्यात शुक्रवारी मी येईन."

"ये हुई ना बात!" करिष्मा म्हणाली. "बाकीच्या रविवारी सुट्टी माझी. पक्का."

भूपेशशेठना फोनवर विचारलं. शेठनी एवढंच विचारलं, माल वेळेवर जाईल का. जाईल म्हटल्यावर ते "ठीक आहे" म्हणाले. सुजितनं पुठ्ठ्यावर लिहिलं आणि, हिरवं पेन नव्हतं म्हणून, निळ्यानंच खूण केली.

संध्याकाळी शीलाताईंनी नरेंद्रला सगळं सांगितलं. तो आपल्या डब्यातल्या पावडरीचा चहा गाळत होता, आज उघड्यावर, ओट्याच्या मधोमध.

"महिन्यातला एकच रविवार ना?" त्यानं जपून विचारलं.

"एकच."

त्याचा जीव भांड्यात पडला, ते शीलाताईंना दिसलं. त्यांचाही पडला होता, ते त्यालाही दिसलं असणार.

"पहिला घे," तो म्हणाला. "शिवमंदिरातलं मागच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघायचं राहिलंय. आणि पोहे मी करीन."

"हळद मी घालीन," शीलाताई म्हणाल्या, आणि चहाला दुसरा कप पुढं केला.